आरशावरचे ठिपके आणि थिनरची बाटली

दसरा-दिवाळी जवळ आली की नांदेड काय आणि लातूर काय, गल्लोगल्ली कॉम्प्रेसरची घरघर सुरू होते. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे... पूर्वी ब्रशने दोन दिवस चालणारं काम आता गनने तासाभरात उरकतं. पण ब्रशचा रंग लावला तिथेच राहायचा, गनचा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही भेटून येतो! मागच्या दिवाळीत आमच्या कॉलनीत एका गेटला काळा ऑइल पेंट मारला आणि जवळ उभ्या असलेल्या तीन गाड्यांच्या काचांवर, आरशांवर मोहरीहून बारीक ठिपके बसले. त्यातली एक गाडी माझ्या पुतण्याची, लातूरहून आलेली.

मग सल्ल्यांचा पाऊस. (आमच्याकडे खरा पडो न पडो, हा नक्की पडतो.) रंगारी म्हणाला, थिनर मारा, दोन मिनिटांत साफ. कुणी पेट्रोल सुचवलं, कुणी नेलपॉलिश काढायचं पाणी. एका वहिनींनी तर भांड्यांची तारेची घासणीच आणून दिली. माझं स्पष्ट मत आहे की ठिपक्यांनी होणार नाही एवढं नुकसान या दोन मिनिटांच्या उपायांनी होतं. हे मत मी घरबसल्या बनवलेलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, हात लावू देऊ नका कुणाला. आधी रंग कोणता ते विचारा." शास्त्रात जेमतेम पास होणारा हा मुलगा, पण प्रश्न अगदी शास्त्राचा!

गनमधून रंग बारीक थेंब होऊन उडतो. जो थेंब हवेतच वाळतो तो धुळीसारखा पडतो आणि ओल्या फडक्याने निघतो. अर्धा ओला पोचतो तो चिकटतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या काचेवर तो घट्ट बसतो. भिंतीचा पाण्यात कालवलेला रंग असेल तर कोमट साबणपाण्याचं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर मऊ पडतो. ऑइल पेंट असा ऐकत नाही. आणि गाडीला मारतात तो हार्डनर घातलेला रंग त्याहून हट्टी.

आता थिनर. नुसत्या काचेला त्याने काही होत नाही, हे रंगाऱ्याचं म्हणणं खरं. पण गाडीत काच एकटी कुठे असते? भोवती रबर, काळं प्लास्टिक आणि गाडीचा स्वतःचा रंग असतो. हेडलाइटची 'काच' तर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचीच असते. तिला थिनर लागला की धुरकट होते, बारीक तडे जातात. आरशाच्या कडेने थिनर आत शिरला तर मागचा मुलामा सुटतो, काळे डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. शिवाय पेट्रोल काय, थिनर काय, दोन्ही भडकणारे. गेटजवळ कुणी विडी ओढत उभा असला म्हणजे?

आरशाची गंमत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही (मास्तरकीची खोड!). काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याने १८३५ मध्ये शोधली. घरातल्या आरशात तो चकाकता थर काचेच्या मागे असतो. गाडीच्या बाहेरच्या आरशात मात्र बरेचदा क्रोमचा थर असतो, आणि काही आरशांत तो पुढच्या बाजूलाच. ओळखायचं कसं? पेन्सिलीचं टोक आरशाला हलकेच टेकवा. टोक आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर थर मागे आहे. दोन्ही एकमेकांना चिकटलेली दिसली तर थर पुढे आहे, आणि अशा आरशावर ब्लेड चालवलं तर रंगाबरोबर आरसाही खरवडला जाईल.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन काम केलं ते असं. गाडी सावलीत घेतली, काच थंड होऊ दिली. आधी साबणपाण्याने धूळ काढली, कारण आपली धूळ म्हणजे बारीक वाळूच, तीच काचेवर ओरखडे काढते. मग क्ले बार नावाची मऊ वडी साबणपाण्यात भिजवून काचेवरून हलक्या हाताने फिरवली. ठिपके तिला चिकटत गेले, ती मळून नवी बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडली की टाकून द्यायची, खडे चिकटतात. आरशांना एवढंच केलं, जरा जास्त वेळ. पुढच्या काचेवर उरलेल्या चार-दोन ठिपक्यांना होल्डरमधलं कोरं ब्लेड, काच ओली ठेवून, अगदी तिरपं धरून, एकाच दिशेने पुढे. मागेपुढे घासायचं नाही. मागच्या काचेला आतून गरम करणाऱ्या तारा असतात, तिथे ब्लेड मुळीच नाही. शेवटी स्पिरिटचं फडकं काचेवर फिरवलं आणि कोरडं पुसलं. बोअरचं पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, ते आणखी एक काम.

सगळ्याला एक बादली पाणी लागलं. नळी लावून गाड्या धुणाऱ्यांना २०१६ चा एप्रिल आठवावा, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

पुतण्याला आदल्या रात्री मी जाऊ दिलं नाही. "काकू, चार ठिपक्यांनी काय होतंय!" म्हणत होता. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता, त्यात उसाचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा असलाच तर नशीब. ओव्हरटेक करायला आरशात बघावं तर मागच्या ट्रकचा उजेड प्रत्येक ठिपक्यावर फुटतो, ट्रक किती जवळ आहे ते कळत नाही. बाहेरचे आरसे बहुतेक बहिर्गोल, त्यात मागची वाहनं आधीच लांब वाटतात.

वाद झाला तो पैशांवरून. घरमालकांनी रंगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी कापली. मला हे मान्य नाही. वारा सुटलेला असताना गन चालवायला सांगितलं कुणी? शेजाऱ्यांना आदल्या दिवशी दोन शब्द सांगणं, गाड्या हलवायला लावणं, नाहीतर जुन्या चादरी टाकणं हे काम ज्याचं गेट त्याचं. माझ्या धाकट्या दिराचं म्हणणं, गन ज्याच्या हातात जबाबदारी त्याची, गवंडी भिंत वाकडी बांधतो तेव्हा आपण मालकाला धरतो का? बिनतोड वाटतं ऐकायला. पण गवंड्याला कुणी वादळात ओळंबा धरायला लावत नाही.

मजुरी अजून कापलेलीच आहे. यंदा त्याच घराच्या जाळ्या रंगवायच्या आहेत आणि तोच रंगारी येणार आहे. मी चार जुन्या चादरी काढून ठेवल्या आहेत.