जनगणनेचे दोन रकाने आणि आपले कर्तव्य



जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले बदनापूर आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत या बदनापूरचा शोध शहरांच्या यादीत घ्याल, तर ते तेथे सापडणार नाही. त्या वेळी जालना जिल्ह्यात जालना, अंबड, भोकरदन आणि परतूर एवढ्यांचीच शहरे म्हणून गणना झाली. बदनापूर तालुक्याचे ठाणे होते खरे. परंतु तेथे ग्रामपंचायत होती, म्हणून ते गाव ठरले. पुढे तेथे नगरपंचायत आली. आता होऊ घातलेल्या जनगणनेत तेच रस्ते, तीच घरे आणि तीच माणसे नागरी लोकसंख्येत मोजली जातील. माणसे होती तेथेच आहेत. बदलला तो त्यांच्यासाठी वापरला जाणारा शब्द.

एका शब्दाने काय होते, असे कोणी विचारील. पुष्कळ होते. गावाचे नगर झाले की ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत येते, प्रभाग नव्याने पडतात आणि त्या प्रभागांतील राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. रमाई आवास योजना ग्रामीण भागासाठी वेगळी व नागरी भागासाठी वेगळी चालते. वस्तीतील रस्ता, नाली आणि दिवाबत्ती यांचा निधीही वस्तीत आपली माणसे किती, यावर अवलंबून असतो. थोडक्यात सांगायचे तर जनगणनेचे पुस्तक हे केवळ आकड्यांचे पुस्तक नव्हे. कोणाच्या वाट्याला काय यावे, याचा हिशेब त्यातूनच मांडला जातो.

गावाला आपला रकाना निवडता येत नाही. तो शासनाचा नियम ठरवितो. तुम्हाला मात्र आपला रकाना स्वतःच्या मुखाने सांगता येतो. ज्या कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत धम्मदीक्षा घेतली, त्यांची तर बौद्ध म्हणून ही पहिलीच गणना. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांना उद्देशून आहे.

प्रथम आपला इतिहास आकड्यांत पाहा. १९५१ च्या गणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बदनापूरसह सारा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. असा आधार तुटलेल्या समाजाने १९६१ च्या गणनेत काय सांगितले? त्या वर्षी महाराष्ट्रात २७,८९,५०१ माणसांची नोंद बौद्ध म्हणून झाली.

हे उत्तर फुकटचे नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदूच असावा लागे. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, परंतु बौद्धांचा झाला नाही. बौद्ध म्हणवून घेणे म्हणजे केंद्र सरकारच्या सवलतींवर पाणी सोडणे होते. महाराष्ट्र राज्याने यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आपल्यापुरत्या सवलती चालू केल्या. दिल्लीचा दरवाजा मात्र १९९० पर्यंत बंदच राहिला. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा आयाबायांनी हे नुकसान पत्करून दारात आलेल्या प्रगणकाला 'बौद्ध' हा शब्द सांगितला. आज तुम्हाला तो शब्द सांगण्यासाठी काहीही गमवावे लागत नाही, हे त्यांचे ऋण आहे.

होय, काहीही गमवावे लागत नाही. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. त्याचा परिणाम पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९६१ मध्ये शेकडा ५.६३, १९७१ मध्ये ६.०० आणि १९८१ मध्ये ७.१४ होते. १९९१ मध्ये ते एकदम ११ च्या वर गेले; संख्या सुमारे ४५ लाखांवरून ८७ लाखांवर पोहोचली. दहा वर्षांत एवढी मुले काही जन्मली नव्हती. माणसे पूर्वीही होती. कायद्याने त्यांना आता ओळखले, एवढेच.

त्या ओळखीचे फळ कोठे दिसते? विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी पूर्वी १८ जागा राखीव होत्या, कारण मतदारसंघांचा हिशेब १९७१ च्या आकड्यांवर गोठलेला होता. २००८ मध्ये अमलात आलेल्या पुनर्रचनेत २००१ ची गणना धरली गेली. तीत अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १०.२० होते. २८८ चे शेकडा १०.२० काढा, उत्तर २९ येते. आणि २९ च जागा राखीव झाल्या. लोकसभेच्या राखीव जागाही ३ च्या ५ झाल्या. विधानसभेच्या त्या २९ मतदारसंघांत बदनापूर आहे. बदनापूरच्या मतदाराने हे ध्यानात ठेवावे, की त्याचा आमदार राखीव जागेवरून निवडून येतो, त्यामागे हजारो दारांत दिलेली उत्तरे उभी आहेत.

आता २०११ कडे या. महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. तीत ग्रामीण ६,१५,५६,०७४ आणि नागरी ५,०८,१८,२५९. म्हणजे शंभरांतील ४५ माणसे शहरांत. जालना जिल्ह्यात मात्र शंभरांतील १९ च नागरी. बौद्धांची संख्या राज्यात ६५,३१,२०० भरली. संख्या वाढली असे वाटते. परंतु प्रमाण घटले. २००१ मध्ये आपण राज्यात शेकडा ६.०३ होतो, २०११ मध्ये ५.८१ झालो. राज्याची लोकसंख्या दहा वर्षांत शेकडा १६ ने वाढली, बौद्धांची शेकडा १२ नेही नाही. शिक्षणाने कुटुंबे लहान झाली, हे त्याचे एक कारण असेल आणि ते अभिमानाचे आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानता येईल काय?

दुसरा आकडा याहून विचार करावयास लावणारा आहे. राज्यातील ६५,३१,२०० बौद्धांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून नोंदले गेले ते ५२,०४,२८४. उरलेले १३,२६,९१६ बौद्ध अनुसूचित जातींच्या गणतीत नाहीत. पाचांतील एक! त्यांत इतर समाजांतून बौद्ध झालेले काही असतील. परंतु ज्यांनी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' म्हटले आणि जातीच्या प्रश्नावर 'आम्हाला जात नाही' म्हणून मौन धरले, तेही यांतच आहेत. त्यांची भावना शुद्ध होती. हिशेबात मात्र ते वजा झाले.

ही गळती खेड्यात एका रीतीने होते, शहरात दुसऱ्या रीतीने.

खेड्यात प्रगणक बहुधा गावच्याच शाळेतला शिक्षक असतो. वस्ती त्याच्या ओळखीची असते. दारात न थांबता, जुन्या सवयीने किंवा शाळेच्या दाखल्यावर पाहिलेल्या शब्दांवरून तो 'हिंदू' लिहून मोकळा होतो. कित्येकदा यात दुष्टपणा नसतो, घाई असते. शिवाय फेब्रुवारी महिना ऊसतोडीचा. जालना-बीडकडील कितीतरी घरांना त्या वेळी कुलूप असते आणि कुटुंब कारखान्याच्या फडावर, पालात असते. गणनेचा सारा काळ जो घराबाहेर असतो, त्याची मोजणी तो जेथे सापडेल तेथेच व्हावयाची असते. पालाच्या दाराशी कोणी आलेच नाही, तर ते कुटुंब गावातही नाही आणि फडावरही नाही.

शहरात याच्या उलट घडते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली होती. त्यांच्या समाजाने ती मनावर घेतली. २०११ मध्ये देशातील शंभर माणसांपैकी ३१ शहरांत होती, तर शंभर बौद्धांपैकी ४३. खेड्याच्या वेशीवरचे जिणे सोडून आपण शहरात आलो, शिकलो, नोकरीस लागलो. परंतु भाड्याच्या खोलीत राहताना घरमालकाच्या कानी आपला धर्म आणि जात जाईल, या भीतीने आपल्यापैकी काहीजण प्रगणकासमोर चाचरतात. खेड्यात दुसरा आपले उत्तर चुकीचे लिहितो. शहरात आपणच ते चुकीचे सांगतो.

या भीतीला कायद्याचे उत्तर आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने व्यक्तीची माहिती गुप्त ठेवली जाते. ती कोणास पाहावयास मिळत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे 'बौद्ध' लिहिल्याने मुलाचा जातीचा दाखला अडेल, ही समजूत दोन्ही बाजूंनी खोटी आहे. एक तर १९९० चा कायदा बौद्धाला अनुसूचित जातीत धरतो. आणि दुसरे, जनगणनेचे पान दाखल्याच्या कचेरीत उघडतच नाही.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. ज्याने जातीचा त्याग करून धम्माचा स्वीकार केला, त्याने जातीचे नाव पुन्हा का उच्चारावे? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्या नावाने आपल्या आजोबांना हाका मारल्या गेल्या, ते नाव जिभेवर घेताना मन खट्टू होते. परंतु दोन रकान्यांचे काम वेगळे आहे. धर्माचा रकाना विचारतो, तुम्ही कोण आहात. जातीचा रकाना विचारतो, तुमच्यावर काय लादले गेले. घर जळाल्यावर आपण पंचनाम्यात जळालेल्या वस्तूंची नोंद करतो. त्यामुळे आग आपल्याला प्रिय झाली, असे कोणी म्हणत नाही. नोंद केली नाही, तर मात्र भरपाई मिळत नाही. ज्या दिवशी जातीमुळे घर, नोकरी आणि पाणवठा अडणार नाही, त्या दिवशी तो रकाना आपण आनंदाने पुसून टाकू. तोवर तो रिकामा ठेवणे म्हणजे अन्यायाचा पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करणे होय.

२०२१ ची जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. पहिला टप्पा घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या मुदतीत. दुसरा टप्पा माणसांच्या गणनेचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार, असा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी झाला. मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय ठेवली आहे. मतदारसंघांच्या बाबतीत ८४ व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्येच ठरवून ठेवले होते, की पुढची फेरमांडणी २०२६ नंतरच्या पहिल्या गणनेवर व्हावी. सोळा वर्षांनी येणारी ही संधी निसटली, तर पुढची दहा वर्षे चुकीच्या आकड्यांवर जगावे लागेल.

म्हणून, नव्याने बौद्ध झालेल्या कुटुंबांनो, एवढे करा. धर्म विचारला असता 'बौद्ध' एवढाच शब्द सांगा; 'नवबौद्ध' हा सवलतींच्या कागदांतला शब्द आहे, धर्माचे नाव नव्हे. जात विचारली असता अनुसूचित जातींच्या यादीत आपले जे नाव आहे, महार असो, मातंग असो की अन्य, तेच सांगा. तेथे पुन्हा 'बौद्ध' सांगू नका. आदिवासी बंधूंनी आपल्या जमातीचे नाव सांगावे. त्यांच्या दर्जाला धर्माची अट नाही. इतर मागास समाजांतून आलेल्यांनीही धर्म बौद्ध आणि आपली जात, अशी दोन्ही उत्तरे द्यावीत. घरातील प्रत्येकाचे उत्तर वेगळे लिहावयाचे असते. म्हणून सासूबाईंचा, सुनेचा आणि तान्ह्या मुलाचाही धर्म स्वतंत्रपणे नोंदवून घ्या. प्रगणकाला आदराने बसवा, पाणी द्या, आणि त्याने काय लिहिले ते वाचून दाखविण्यास सांगा. तुमचा तो हक्क नाही असे म्हणणारा कोणी भेटला, तरी नम्रपणे पुन्हा विचारा.

विहारातून रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या तरुणांनी या दोन रकान्यांचा अर्थ समजावून सांगावा. फडावर गेलेल्या कुटुंबांशी दूरध्वनीवरून बोलून, त्यांची नोंद तेथे झाली किंवा नाही, याची चौकशी करावी. बदनापूरच्या वस्तीतून शहरात गेलेल्या भावाला बहिणीने एक निरोप धाडावा, की दादा, घरमालकाला भिऊ नकोस.

१९६१ मध्ये ज्यांनी सवलती सोडून 'बौद्ध' हा शब्द सांगितला, ती पिढी आता बहुतेक पडद्याआड गेली. त्यांनी किंमत मोजली, आपल्याला फक्त बोलावयाचे आहे. प्रगणक दाराशी येईल तेव्हा आपण गप्प राहणार काय?

जयभीम!