पाच हजार गाणी, त्यात आमचं एकही नाही

"मोबाइल आहे ना तुझ्याकडे? मग वेगळा प्लेअर कशाला?"

हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी उत्तर लिहूनच टाकायचं ठरवलं. मेसमध्ये रोज एकेकाला समजावत बसण्यापेक्षा हे बरं!

तर मित्रांनो, प्रकरण असं आहे. आमचं गाव सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. घरी आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, एक लोखंडी पेटी आहे आणि तिच्यात १४० कॅसेट्स आहेत. साठेक विकतच्या आहेत, सिनेमाच्या वगैरे. उरलेल्या ऐंशी आबाजींनी स्वतः भरलेल्या. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत आणि रात्री नाटक. आबाजी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून मंडईमागून मंडई फिरायचे. शिवाय खंजिरी भजनं आहेत, धानाच्या रोवणीला बायका म्हणतात ती गाणी आहेत, आणि एका कॅसेटवर माझी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणते आहे. आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा आवाज मला आठवत नाही, जो माहीत आहे तो त्या कॅसेटवरचाच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी हे सगळं लॅपटॉपवर घ्यायला बसले. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लॅपटॉपला आणि ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, बस. पण एक तासाची कॅसेट भरायला एक तासच लागतो! कॉपी-पेस्टवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जरा वेळ लागतो.

आता थोडं गणित, कारण प्लेअर घ्यायच्या आधी आपल्याकडे माल किती आहे ते कळायला हवं. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. गुणाकार केला तर तासाला साधारण ६३५ एमबी. आबाजींचा टेप मोनो होता, म्हणजे त्यांच्या कॅसेट्सना याच्या निम्मेच पुरतात. सगळ्या कॅसेट्स साठ मिनिटांच्या धरल्या तर ऐंशी मोनो आणि साठ स्टिरिओ मिळून ६३ जीबीच्या थोडं वर जातं. हे फ्लॅकमध्ये ठेवलं की आवाजाचा एक बिटही न गमावता जागा वाचते. निम्मी तरी वाचेल असं मला वाटलं होतं, पण टेपची खरखर म्हणजे शुद्ध गोंधळ, आणि गोंधळ दाबला जात नाही. ४५ जीबीवर गाडी थांबली. त्यात बाबांच्या एमपीथ्री सीड्यांचे ३५ जीबी. एकूण ८० जीबी. म्हणजे १२८ जीबीचं एक कार्ड झालं. (कार्ड घातल्यावर कॉम्प्युटर ११९च दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कार्डवाले हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने. मी भांडून आलेय.)

आता मोबाइलचं. स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं म्हणतात. ज्या रेकॉर्डिंगला कधी कंपनीच नव्हती, ते तिथे येणार कुठून? बरं, फोनमध्येच फाइल्स टाकून दिल्या, तर आबाजींची बोटं टचस्क्रीनवर लागतच नाहीत. एक चालू करायला जातात आणि दुसऱ्यालाच फोन लागतो. ऐन गमतीत कुणाचा तरी कॉल येतो, आणि तो बंद केल्यावर शाहीर कुठे होता ते सापडत नाही. आणि रात्री फोन चार्जिंगला लावला की गाणीही त्याच्याबरोबर चार्जिंगला जातात.

मग सगळ्यांनी सुचवलं कारवां. सारेगामाने २०१७ मध्ये काढलेला हा डबा खरंच हुशारीचा आहे, म्हाताऱ्या माणसाला कळेल असं मोठं बटण, आत ५,००० गाणी भरलेली. मराठी गाण्यांचाही निघाला. आमच्या शेजारी आहे, आबाजी तिकडे जाऊन ऐकून आले. त्यांचा अभिप्राय एका वाक्यात आला, "चांगला हाय, पण माही मंडई याच्यात नाही." त्याला पेनड्राइव्हही लावता येतो हे खरं, पण मग आपलं जे आहे ते पाहुण्यासारखं बाहेर लटकणार आणि घर त्यांच्या पाच हजारांचं. मला हे उलट हवं होतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सिनियरचं म्हणणं होतं, सेकंडहँड आयपॉड क्लासिक घे. आयपॉडचा दरारा आपल्या पिढीने फक्त ऐकलाय. २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला आला तेव्हा त्यात ५ जीबी होते, आणि खिशात हजार गाणी ही त्याची जाहिरात. क्लासिक वाढत वाढत १६० जीबीपर्यंत गेला, २०१४ मध्ये तो बंद झाला, आणि २०२२ मध्ये आयपॉड टचसुद्धा. वस्तू देखणी आहे, वाद नाही. पण त्यात कार्ड बसत नाही, फ्लॅक चालत नाही, गाणी आयट्यून्समधूनच भरावी लागतात, आणि आत ती फाइलचं नाव बदलून चार अक्षरांचं काहीतरी करून ठेवतात. माझ्यासारख्या फोल्डरवर जीव असलेल्या मुलीला हे सहन होण्यातलं नाही. संग्रह आपला असेल तर तो कुठल्याही कॉम्प्युटरला लावल्यावर जसा ठेवला तसाच दिसला पाहिजे. प्लेअर उद्या मोडला तर कार्ड काढून दुसऱ्यात घालता आलं पाहिजे. माझ्या मते प्लेअर निवडण्याची पहिली कसोटी हीच आहे, बाकी आवाज-बिवाज नंतर.

आवाजाबद्दल सांगायचं तर, हाय-रेझ म्हणून १९२ किलोहर्ट्झचे प्लेअर दाखवतात आणि किंमत चौपट. नायक्विस्ट आपण सगळेच शिकलोय. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, माणसाचा कान विसाच्या आसपास थांबतो आणि घरगुती टेप तर त्याच्याही बराच आधी. मंडईत धुळीत भरलेल्या कॅसेटला १९२ म्हणजे बैलगाडीला स्पॉयलर!

मी पहिला जो प्लेअर घेतला (नाव घेत नाही) तो आठ दिवसांत परत केला. त्याने गमतीचा तिसरा भाग आधी वाजवला, मग पहिला. आबाजी म्हणाले, "काहून वं बाई, याले गणच येत नाही का?" गण, गवळण आणि मग पुढचं, हा क्रम बिघडला की आबाजींच्या लेखी सगळंच बिघडलं. चार रात्री डोकं लावल्यावर कळलं की स्वस्तातले बरेच प्लेअर नावाप्रमाणे लावतच नाहीत, कार्डवर ज्या क्रमाने फाइल लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. मी सगळं एकदम ओढून टाकलं होतं. तेव्हा घेण्याआधी दुकानातच दहा फाइल्स उलट्या क्रमाने टाकून बघा. आणि नावापुढे १, २ नाही, ०१, ०२ लिहा, नाहीतर १ नंतर १० येतो.

दुसरी गंमत नावांचीच. मी कॉन्व्हेंटची. सवयीने सगळी नावं रोमनमध्ये टाइप केली. दंडारीची तीन स्पेलिंगं झाली, आणि आबाजींना इंग्रजी येत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. याची खरंच लाज वाटली. पुन्हा बसून सगळं देवनागरीत केलं, तर प्लेअरवर नुसते चौकोन! दुसऱ्या एकावर अक्षरं दिसली, पण शाहिरीतल्या 'हि'ची वेलांटी 'ह'च्या मागे जाऊन बसलेली. बनवणाऱ्यांनी फाँट टाकला, पण अक्षर जोडायचं कसं ते शिकवलंच नाही. प्लेअरच्या खोक्यावर पंचवीस भाषांची नावं असतात. मराठी गाणी ऐकणाऱ्याला मराठी वाचायचीही असते, हे त्यांच्या डोक्यात कधी येणार?

यावर उपाय सापडला तो मात्र झकास. प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला मी दहा सेकंदांची एक फाइल टाकली, माझ्याच आवाजात: "मंडई, १९९१, दिवसाची दंडार." बटण दाबत जायचं, ऐकायचं, हवं तिथे थांबायचं. रॉकबॉक्स नावाचं एक ओपन सोर्स फर्मवेअर २००१ पासून आहे, त्यात मेनू बोलून दाखवायची सोय आहे. कल्पना तिथूनच उचलली.

आणि त्या दहा सेकंदांत काय बोलायचं ते मी जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पावरून शिकले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, 'पारी'वर त्यातल्या काही ऐकायला मिळतात. प्रत्येक ओवीबरोबर बाई कोण, गाव कोणतं, हे लिहिलेलं. आमच्या पेटीतल्या निम्म्या कॅसेट्सवर नुसतं "गंमत, चांगली" एवढंच आहे! मग आबाजींना शेजारी बसवून एकेक ऐकवायची आणि गाव, साल, शाहीर विचारून घ्यायचं. कधी कधी ते सांगता सांगता गायलाच लागतात. तेही रेकॉर्ड करून घेतलंय.

शेवटी घेतला तो प्लेअर दिसायला अगदी सामान्य आहे. पाच खरी बटणं, कार्डाची जागा, हेडफोनचं भोक, फ्लॅक चालतं, जिथे बंद केलं तिथूनच पुढे सुरू होतं. किंमत अडीच हजारांच्या आत. आबाजींना कानात काही घालायला आवडत नाही, म्हणून तो वायरने जुन्या स्पीकरला जोडलाय. कार्डाची एक नकल माझ्याकडे हॉस्टेलवर, एक बाबांच्या कपाटात. कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही.

आजीची कॅसेट मात्र अजून भरायची आहे. मुद्दाम शेवटी ठेवली होती, हात बसल्यावर करू म्हणून, आणि ११७ व्या कॅसेटला टेपचा बेल्टच तुटला. तेवीस राहिल्यात. साकोलीत, भंडाऱ्यात विचारून झालं, बेल्ट मिळत नाही. कुणाच्या घरी माळ्यावर चालू स्थितीतला कॅसेट डेक पडला असेल, तर दिवाळीच्या सुटीपुरता द्याल का? मॅगझिनच्या डब्यात चिठ्ठी टाका, मी येऊन घेऊन जाईन.