सोने मोजले, हमाल कोणी मोजले?

करंजाच्या कोळी-आगरी बांधवांचा मुंबईच्या धक्क्यांशी पिढ्यानपिढ्यांचा संबंध आहे. मध्ये पाणी तेवढे आडवे. म्हणून १४ एप्रिल १९४४ रोजी तेथील व्हिक्टोरिया गोदीत काय घडले, याचा विचार या घरांनी केलाच पाहिजे.

'फोर्ट स्टायकीन' ही आगबोट १९४२ साली कॅनडात बांधली गेली. महायुद्धात इंग्रज सरकारचा माल वाहणे हेच तिचे काम. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती बर्कनहेडहून निघाली तेव्हा तिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा व सोन्याच्या विटा होत्या. कराचीस त्यावर कापसाचे हजारो गठ्ठे व तेलाची पिंपे चढविली. कापसाशेजारी दारू ठेवू नये, हे खेड्यातले पोरही सांगेल. परंतु युद्धाची निकड पुढे करून शहाण्यांनी ते केले. १२ एप्रिलला बोट मुंबईस लागली. धोक्याचे लाल निशाण तिच्यावर चढलेच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कापूस पेटला, आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले.

आग विझविण्यास गेलेले ६६ जवान कर्तव्य करीत मेले. हमाल, खलाशी, रस्त्यावरचे लोक शेकड्यांनी मेले. हजारो बेघर झाले. बंगालच्या दुष्काळाची जखम ओली असता हजारो टन धान्य जळाले. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. सोन्याची वीट मात्र कित्येक वर्षांनी गाळात सापडली तरी वजन करून जमा झाली. रोजंदारीच्या हमालाचे नाव कोणत्या वहीत शोधावे?

कोणी म्हणेल, ललाटी लिहिले होते. आम्ही म्हणतो, ते ललाटी नव्हे, बोटीच्या मालाच्या यादीत लिहिले होते! ती यादी साहेबांच्या टेबलावर होती. ओझे उचलणाऱ्याच्या हाती नव्हती.

गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. २०२० साली बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटने तोच अनर्थ केला. १९८९ पासून उरण तालुक्यातच न्हावाशेवा बंदर चालू आहे. आपली मुले तेथे राबतात. पेटीत काय आहे, ते कशाजवळ ठेवले आहे, आग लागल्यास पळावे कोठे, हे त्यांना मराठीत लिहून मिळालेच पाहिजे. आणि रोजंदारीवरील प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर चढलेच पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे. बांधवांनो, मुलांना वाचावयास शिकवा, आणि वाचल्यावर विचारावयासही शिकवा.