सून हीच सरकारची योजना

माझी खाला 71 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. दवाखान्यातून घरी सोडलं आणि सरकारचा तिच्याशी संबंध संपला. तेव्हापासून ती अंथरुणावरच आहे. तिला कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, रात्री दोनला उठणं, सगळं भाभीवर. भाभी पूर्वी शिलाई करायची. आता मशीनवर चादर टाकलेली आहे. डायपरचेच महिन्याला साडेतीन हजार जातात.

लाडकी बहीण योजनेत 65 वर्षांपर्यंत महिना 1500 रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. त्यानंतर बाई श्रावणबाळ योजनेत जाते. रक्कम तीच, पण मर्यादा अख्ख्या कुटुंबाची 21 हजार! म्हणजे दिवसाला 57 रुपये. वय वाढल्यावर खर्च कमी होतो, असं कुणी सांगितलं यांना? खालाचा मुलगा रिक्षा चालवतो. 21 हजारांचा खोटा दाखला काढायला तो तयार झाला नाही, म्हणून अर्ज बाद. प्रामाणिकपणाची किंमत महिना दीड हजार. केंद्राची तऱ्हा वेगळी नाही. ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये त्यांचा वाटा जवळपास वीस वर्षं 200 रुपयांवरच अडलाय.

2024 मध्ये राज्यानं ज्येष्ठांसाठी दोन योजना आणल्या. वयोश्रीत काठी, चष्मा, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच 3 हजार. तीर्थदर्शनाला माणशी 30 हजारांपर्यंत, पण प्रवासाला धडधाकट असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. यात्रेला माझा विरोध नाही. पण जो चालू शकतो त्याच्यासाठी दहापट, आणि जी उठूही शकत नाही तिला एक खुर्ची, हा कुठला हिशेब?

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आई-बापाला टाकणाऱ्या मुलाला तीन महिन्यांची कैद आहे. जिल्ह्याला किमान 150 निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम मात्र सरकार काढू ‘शकते’. सक्ती मुलांना, सवलत सरकारला.

आमच्या मोहल्ल्यात अभिमानानं सांगतात, आपल्यात आई-बापाला वृद्धाश्रमात टाकत नाहीत. हेच वाक्य ‘आपली संस्कृती’ म्हणत हिंदू मित्रही ऐकवतात. हे बोलणारा एकही पुरुष मी डायपर बदलताना पाहिलेला नाही (मीही त्यातलाच). संस्कृती म्हणजे बिनपगारी सून, आणि तिच्याच जिवावर अर्थसंकल्प कोरडा राहतो. रमजानमध्ये जकातीतून हवेची गादी आली. पण रोज येणारं माणूस जकातीतून कसं ठेवायचं?

केरळनं 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं. तिथं पंचायतीच्या पैशातून नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. तिथंही सगळं आलबेल नाही, पण दार कुणीतरी वाजवतं. महाराष्ट्रानं प्रत्येक आरोग्य केंद्रामागे घरी जाणारी, पगारी, शिकवलेली दोन माणसं द्यावीत आणि सांभाळणाऱ्या बाईला मानधन. दरवर्षी, अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करून.

परवा गेलो तेव्हा खालाच्या पाठीला जखम झाली होती. भाभीनं विचारलं, “भाईजान, ड्रेसिंगला घरी कुणी येतं का?” मी आरोग्य केंद्रात चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, “पेशंटला घेऊन या.”