नावेला घोडे किती, पंखा कोणता?

वाचक मंडळी, या खेपेला विहिरीवरची मोटर आणि फवारणीचा पंप जरा बाजूला ठेवू. देऊळगाव राजा तालुक्यातून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. खडकपूर्णा धरणाच्या, म्हणजे आपल्या संत चोखामेळा सागराच्या पाण्यावर तो आणि त्याचा धाकटा भाऊ मासे धरतात. नाव फायबरची, सतरा-अठरा फुटी. आजवर वल्ह्यावर चालली. आता जाळी लांब टाकावी लागतात, आणि वारा सुटला की परत येताना दोघांचे खांदे भरून येतात. म्हणून मशीन बसवायचे ठरले. कुठूनसे ४० हॉर्सपॉवरचे जुने मशीन, पंख्यासकट, बरे स्वस्तात मिळते आहे. सोसायटीकडून उचल घ्यायची तयारी आहे. "घेऊ का?" एवढेच त्याने विचारले आहे.

बाळा, घेऊ नकोस. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण नळगंगेवर, पेनटाकळीवर आणि कोराडीवरही हाच प्रश्न कुणाला तरी पडलेला असणार.

पहिली गोष्ट, तुझी नाव पळण्यासाठी बनलेलीच नाही. जाळी, बर्फाची पेटी, दोन माणसे आणि आलेला माल धरून तिचे वजन सात-आठशे किलोच्या घरात जाईल. अशी नाव पाणी कापत जाते. जाताना पुढे एक लाट उठवते आणि मागे एक. वेग वाढला की या दोन लाटांमधले अंतर वाढते. ते नावेच्या लांबीएवढे झाले की नाव आपल्याच लाटेच्या खोलगट भागात बसते, आणि पुढे जायचे म्हणजे चढ चढणे होते. पाण्याला टेकणारी लांबी १६ फूट असेल, तर ही हद्द ताशी सुमारे १० किलोमीटरवर येते. तिथपर्यंत जायला ५ हॉर्सपॉवर पुष्कळ झाले. त्यापुढे कितीही घोडे जुंपले तरी नाव मागून बसते, पुढून उठते, आणि पेट्रोल तेवढे जळते.

ही हद्द ओलांडून पाण्यावर घसरत जाणाऱ्या बोटी वेगळ्या. त्यांचा तळ मागे सपाट असतो आणि त्यांना दर २५ किलोला एक हॉर्सपॉवर असा ढोबळ हिशेब लागतो. पुराच्या वेळी बचाव पथके ज्या रबरी बोटी आणतात त्या या जातीच्या. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाणी शिरले होते, ते आपण विसरलेलो नाही. तशा वेळी वेग हवाच. मासे मात्र दहा मिनिटे उशिरा काठाला लागले म्हणून बिघडत नाहीत.

खर्च पाहा. १० हॉर्सपॉवरचे मशीन पूर्ण मुठीवर तासाला साधारण चार लिटर पेट्रोल पिते, ५ चे त्याच्या निम्म्याच्या आसपास. चाळीसचा हिशेब घरच्या लक्ष्मीला करायला सांग. ती तुला मशीन घेऊ देणार नाही आणि मला पत्र लिहायची वेळच येणार नाही.

आणि वजन. चाळीसचे मशीन सत्तर-ऐंशी किलोचे असते. तेही नावेच्या अगदी शेवटच्या फळीवर. त्याच्याजवळ मूठ धरून तू बसणार, पायाशी पेट्रोलची टाकी. सगळा भार मागे. वाऱ्यात मूठ एकदम सोडलीस तर मागून येणारी स्वतःचीच लाट फळीवरून आत शिरते. दोघे भाऊ एकाच नावेत आहात, एवढे ध्यानात ठेव.

आता पंख्याकडे येऊ, कारण खरी फसगत इथेच होते. पंख्याच्या मध्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे काय? लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, तेवढा. पाणी लाकडासारखे घट्ट नसते, म्हणून पंखा घसरतो. हलक्या बोटीत थोडा, आणि लादलेल्या नावेत निम्म्याहूनही जास्त.

समज, तुला मिळणाऱ्या मशीनवर १३ पिचचा पंखा आहे. मशीन मिनिटाला ५००० फेरे घेते आणि गिअर दोनास एक आहे, म्हणजे पंखा २५०० फेरे फिरतो. पाणी लाकूड असते तर नाव ताशी ४९ किलोमीटरने गेली असती! तुझी नाव जाणार दहाने. मग पंखा पाण्याला ढकलू पाहतो, पाणी हटत नाही, आणि मशीनला फेरे घेता येत नाहीत. भरलेली ट्रॉली वरच्या गिअरमध्ये चढावर घातली तर ट्रॅक्टर जसा धडधडतो, तसे. मशीन तापते, पिस्टन धरतो. उलट पिच फारच कमी असेल तर फेरे हद्दीबाहेर जातात. आपला विहिरीवरचा पंपही असाच वागतो. जास्त हेडचा पंप पाणी वर आलेल्या विहिरीवर लावला की तो भसाभस पाणी फेकतो, मोटर जास्त ॲम्पियर ओढते आणि एक दिवस वाइंडिंग जळते. मोटर चांगली, पंपही चांगला. जोडी तेवढी चुकलेली.

पारख सोपी आहे. रोजचे पूर्ण वजन नावेत ठेवायचे आणि पूर्ण मूठ द्यायची. मशीनच्या पुस्तकात पूर्ण मुठीवर किती फेरे हवेत ते छापलेले असते. प्लगच्या वायरला गुंडाळून फेरे मोजायचा छोटा मीटर मिळतो. फेरे कमी पडले तर पिच कमी करायचा, जास्त झाले तर वाढवायचा. एक इंच पिचने साधारण दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. रिकाम्या नावेवर घेतलेली चाचणी फुकट.

हे मी पुस्तकातून शिकलो असे समजू नका. तरुणपणी एका धरणावर आम्ही तिघांनी दुकानदाराच्या शब्दावर मोठ्या पिचचा चकचकीत पंखा बसवला. काठाजवळ रिकामी नाव बाणासारखी गेली. आम्ही खूष! संध्याकाळी मालासकट परतताना मधोमध मशीन दाबले गेले आणि बसले ते बसलेच. वल्ही काठावर, कारण आता मशीन होते ना! घमेल्याने पाणी ओढत काठ गाठायला रात्र झाली.

मागे टांगायचे हे मशीन अमेरिकेत ओले एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या कारागिराने १९०९ पासून विकायला काढले. धंद्याची बाजू त्याची बायको बेस सांभाळी. त्यांच्या जाहिरातीत वल्ही फेकून द्या, असे लिहिलेले असे. बेसबाईंचे बाकी सगळे मान्य, हे मात्र ऐकू नका.

तर काय घ्यावे? पाच ते आठ हॉर्सपॉवर, कमी पिचचा आणि रुंद पात्यांचा पंखा. सोबत एक जादा पंखा आणि शिअर पिना. आपल्या धरणांत उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांची खोडे वर येतात. त्यांवर पंखा आपटला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. ती पिन म्हणून खिळा ठोकू नका. पाणी फारच उथळ आणि शेवाळाचे असेल तर लांब दांड्याचे, हवेवर थंड होणारे मशीन बरे. ते हळू चालते, पण अडकत नाही.

मशीन सुरू झाले की मागून पाण्याची बारीक धार पडते का ते आधी पाहावे. धार बंद म्हणजे थंड करणारे पाणी बंद, मशीन ताबडतोब थांबवा. काळ्या मातीचा गाळ ती वाट बुजवतो. जाळ्याचा दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला तर तो सील कापतो. गिअरचे तेल काढून बघा, ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. बंद करायची दोरी मनगटाला बांधलेली असावी, आणि जीवरक्षक जाकीट अंगात असावे, खाली बसायला नव्हे. यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात येते, तेही सोसायटीत विचारून घे.

जुने मशीन देणाऱ्याला अजून होकार देऊ नकोस. आधी नावेच्या मागच्या फळीची वरून तळापर्यंतची उंची मोज. १५ इंचाच्या आसपास असेल तर आखूड दांड्याचे मशीन लागेल, २० असेल तर लांब. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. त्याहून वर राहिली तर पंखा हवा ओढतो. ही उंची, फळीची जाडी आणि नावेची पाण्याला टेकणारी लांबी एवढे तीन आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठव. दांडा कोणता आणि पंख्याचा आकडा कोणता, ते मी कळवतो.