खांदा दुखतोय? गोळी घेऊन कामावर जाण्याआधी हे वाचा

भिवंडी : कामतघर आणि आसपासच्या वस्त्यांतले कामगार कुठे जातात? कुणी यंत्रमागावर, कुणी माणकोली-दापोडे पट्ट्यातल्या गोदामांत. मागावर वाकून धागा जोडायचा, तागे उचलायचे. गोदामात डोक्याच्या वरच्या रॅकवर खोकी चढवायची. दोन्हीकडे झीज होते ती खांद्याची. दुखायला लागलं की बाम, मग गोळी, मग इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम. हा क्रम मोडायला हवा. कारण या दुखण्याचं औषध बऱ्याच अंशी कामाच्या जागेवरच आहे.

नेमकं काय सुजतं?

खांद्याचा सांधा चार स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. या गटाला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे टेंडन. यातलं सर्वांत वरचं टेंडन खांद्याच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जातं. हात सतत वर गेला, वजन वाढलं किंवा काम एकदम दुप्पट झालं की ते दुखावतं. त्यालाच बोलीभाषेत ‘शिरेला सूज’ म्हणतात.

गणित साधं आहे. स्नायूची पकड सांध्यापासून अवघ्या काही सेंटीमीटरवर असते आणि वजन हाताच्या टोकाला. त्यामुळे लांब हाताने धरलेल्या पाच किलोच्या खोक्याचा टेंडनवरचा ताण पाच किलोच्या कित्येक पट होतो. तेच खोकं छातीजवळ धरलं की ताण झपाट्याने उतरतो.

ओळखायचं कसं?

- हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांदरम्यान कळ येते, त्याच्या पुढे ती कमी होते.
- दुखणं खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, दंडापर्यंत जाणवतं.
- त्या कुशीवर झोपता येत नाही, रात्री जाग येते.
- शर्ट घालताना, केस विंचरताना, वरचा डबा काढताना त्रास होतो.

प्रत्येक खांदेदुखीला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणायची सवय आहे. फरक सोपा आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हात उचलला तरी तो पूर्ण वर जात नाही. टेंडनच्या सुजेत दुसऱ्याने आधार दिला तर हात बऱ्यापैकी वर जातो. मधुमेह असलेल्यांना फ्रोझन शोल्डरचा धोका जास्त. दुखणं मानेतून येऊन हाताला मुंग्या येत असतील तर कारण मानेत असू शकतं.

उपचार काय?

पहिले काही दिवस हात वर नेणारं काम टाळा, पण हात गळ्यात बांधून ठेवू नका. सांधा आखडतो. दिवसातून दोन-तीनदा १० ते १५ मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. वेदनाशामक गोळी थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या. मूत्रपिंड, पोट किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ती महागात पडते.

खरा उपचार व्यायामाचा. सुरुवात अशी करता येते : कोपर अंगाला चिकटवा, मूठ भिंतीवर हळू दाबा, दहा सेकंद धरा, दहा वेळा करा. पुढे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने रबरी पट्ट्याचे व्यायाम. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून दिलं तर उपयोग नाही.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. वारंवार घेतलं तर टेंडन कमजोर होऊ शकतं. शस्त्रक्रियेची घाईही नको. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. हाड घासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बिणीने पाहून केलेली खोटी शस्त्रक्रिया, यांच्या परिणामात रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही.

लगेच डॉक्टरांकडे कधी?

पडल्यावर हात अचानक उचलता येईना, खांदा लाल-गरम होऊन ताप आला, तर थांबू नका. हाडवैद्याकडून हात ओढून घेऊ नका. डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर १०८ ला फोन करा. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

मालक आणि मुकादमांचं काय?

‘आराम करा’ हे सांगणं सोपं आहे. रोजंदारीवाल्यासाठी आराम म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून तो दुखणं अंगावर काढतो. मग टेंडन फाटतं आणि महिनोन् महिने घरी बसावं लागतं. त्यापेक्षा जड खोकी कंबर ते छातीच्या उंचीवर ठेवणं, वरच्या रॅकसाठी स्टूल देणं, दर दोन तासांनी माणसं बदलणं स्वस्त पडतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच एका पुरुष कामगाराने उचलायच्या वजनासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. हमालांसाठी देशात पथदर्शी ठरलेला माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला. ईएसआयसीचा विमा असेल आणि हप्त्यांची अट पूर्ण होत असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. आपल्या नावाने हप्ता भरला जातो का, हे मुकादमाला आजच विचारा.

कामगाराने दुखणं लपवू नये आणि मालकाने ते सांगणाऱ्याला कामावरून काढू नये. एवढं झालं तरी अनेक खांदे वाचतील.