ग्रीक शोकात्मिका आणि झाडीपट्टीचा रंगमंच

ग्रीक शोकात्मिकेशी मराठीचा परिचय जुना आहे. विंदा करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. सॉफोक्लीजच्या ‘ईडिपस’ला सदानंद रेगे यांनी ‘जयकेतू’मध्ये (१९५९) देशी नाव दिले, तर पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’मध्ये (१९७९) ग्रीक नावच राखले. भाषांतर की रूपांतर, याची चिकित्सा आपण पुष्कळ केली. हे नाटक कोणत्या समुदायासमोर उभे राहावे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

अथेन्समध्ये ही नाटके डायोनिससच्या उत्सवात, उघड्या आकाशाखाली होत. गाणारा-नाचणारा वृंद हा त्यांचा अलंकार नव्हता, तर अविभाज्य घटक होता. चंद्रपूर-गडचिरोलीला हे चित्र परके नाही. धानाची कापणी आटोपली की येथे शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे नाटकमंडळ्यांचे केंद्र आहे. दंडारीत गायन, नृत्य व संवाद एकत्र नांदतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचा गौरव झाला.

तथापि बाह्य साम्य पुरेसे नाही; आशयाचीही निकड हवी. ती ‘अँटिगनी’त आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शत्रू ठरलेल्या पॉलिनायसीसच्या दफनास राजा क्रेऑन मनाई करतो. बहीण ती आज्ञा मोडते. १९८० नंतरच्या दशकांत गडचिरोलीने पोलिसांचे, नक्षलवाद्यांचे आणि ‘खबरी’ ठरवून मारलेल्या गावकऱ्यांचे मृतदेह पाहिले आहेत. कोणासाठी उघडपणे रडावे, हा येथे पुस्तकी प्रश्न नाही.

सॉफोक्लीज क्रेऑनलाही त्याची बाजू मांडू देतो. म्हणूनच हे नाटक प्रचार होत नाही. त्यातील वृद्धांचा वृंद प्रथम राजापुढे मान तुकवतो आणि फार उशिरा त्याला सावध करतो. दोन बंदुकांमध्ये सापडलेल्या गावाला हे मौन ओळखीचे वाटेल. ते मौन दंडारीच्या वृंदाने गावे, अशी अपेक्षा आहे.

झाडीच्या प्रेक्षकाला केवळ हसणे व लावणी हवी, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु हाच प्रेक्षक घरगुती दुःखाच्या नाटकाला पहाटेपर्यंत डोळे पुसत बसतो. भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकणारी बहीण त्याला समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या रंगकर्मींनी ती त्याच्यापुढे आणण्याचे धैर्य मात्र दाखवावयास हवे.